फूल, पराग व घरचे बी

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, चकलांबा व त्याच्या आसपासच्या शिवारांत, खरिपात कापूस, तूर व बाजरी ही पिके घेतली जातात. मृग नक्षत्र जवळ आले की ह्या तिन्ही पिकांविषयी एकच प्रश्न पारावर व बियाण्याच्या दुकानाच्या दारात निघतो : यंदा घरचे बी पेरावे की पिशवी विकत आणावी? प्रश्न एक असला तरी उत्तर एक नाही. संकरित कापसाची घरची सरकी लावणारा शेतकरी नुकसानीत जातो. तुरीचे घरचे बी, थोडी काळजी घेतल्यास, दोन-तीन वर्षे खुशाल चालते. बाजरीचे उत्तर तर वाण कोणता व शेजारच्या शेतात काय उभे होते ह्या दोन्ही गोष्टींवर अवलंबून राहते. हा भेद का पडतो हे पिशवीवर छापलेले नसते. तो पिकाच्या फुलात असतो. म्हणून फुलात काय घडते हे शेतकऱ्यांनी व त्यांना सल्ला देणाऱ्या ग्राम-कार्यकर्त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहून घेणे अगत्याचे आहे.

कापसाचे फूल

पाहण्यास सर्वांत सोयीचे फूल कापसाचे होय, कारण ते मोठे असते व त्याची अंगे सहज वेगळी करता येतात. जूनमध्ये लावलेल्या कापसास पोळ्याच्या सुमारास फुले येऊ लागतात. सकाळी नुकतेच उमललेले एक फूल घेऊन ते ब्लेडने उभे चिरावे. बाहेरून तीन हिरवी पाने, ज्यांच्या आत कळी असताना तिला शेतकरी पाते म्हणतात. त्यांच्या आत पाकळ्या. आणि मधोमध एक दांडा, ज्यावर बारीक देठांची असंख्य पिवळसर बोंडुकली बसलेली दिसतात. ही बोंडुकली म्हणजे परागकोश, व देठासह त्यांस पुंकेसर म्हणतात. हे फुलाचे नर अंग. पुंकेसरांच्या नळीतून वर डोकावणारे टोक म्हणजे कुक्षी. कुक्षीखालचा दांडा म्हणजे कुक्षीवृंत, आणि फुलाच्या तळाशी असलेली हरभऱ्याएवढी गाठ म्हणजे अंडाशय. कुक्षी, कुक्षीवृंत व अंडाशय मिळून फुलाचे मादी अंग होते. अंडाशय आडवे कापले असता त्यात चार किंवा पाच कप्पे, व प्रत्येक कप्प्यात मोहरीहून लहान असे पांढरे दाणे दिसतात. तीच बीजांडे. पुढे अंडाशयाचे बोंड होते, कप्प्यांच्या पाकळ्या होतात, आणि प्रत्येक बीजांडाची एक सरकी होते.

सकाळी परागकोश फुटून पराग मोकळे होतात. पराग कुक्षीवर पडणे ह्यास परागीकरण म्हणतात. कुक्षीवर पडलेला परागकण तेथील ओलावा शोषून रुजतो. त्यातून एक अतिसूक्ष्म नळी निघते, ती कुक्षीवृंतातून खाली उतरत बीजांडापर्यंत पोहोचते, व तिच्यातून दोन नरकेंद्रे बीजांडात जातात. उमललेले दुधी वा पिवळट फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेले दिसते आणि त्यानंतर गळून पडते. तोपर्यंत हे काम उरकलेले असते. फूल गळाले म्हणून घाबरणारा नवखा शेतकरी पुष्कळदा विनाकारण फवारणी करून बसतो. पाकळ्या गळणे स्वाभाविक आहे. पाते किंवा लहान बोंड गळत असेल तर मात्र कारण शोधले पाहिजे.

फूल उमलल्याच्या सकाळी पाऊस आला तर काय होते, हेही येथेच सांगणे योग्य होईल. कापसाचा परागकण पाण्यात भिजला की फुटतो व निकामी होतो. त्या दिवशीच्या फुलांतील काही बीजांडे मग फळत नाहीत. आता, रुई म्हणजे तरी काय? रुईचा प्रत्येक तंतू ही बीजांडाच्या सालीवरील एकेक पेशी होय, जी फूल उमलते त्याच दिवशी वाढू लागते. बीजांड फळले नाही तर त्यावरील तंतूंची वाढही खुंटते आणि वेचणीच्या वेळी बोंडात बारीक, पोचट कण सापडतात. वजन कमी भरण्याचा दोष त्या वेळी खतावर किंवा बियाण्यावर टाकला जातो. खरे कारण दीड महिन्यापूर्वीच्या एखाद्या पावसाळी सकाळी घडून गेलेले असू शकते.

बीजांडात उतरलेली दोन नरकेंद्रे दोन वेगळी कामे करतात. हा शोध सर्गेई नवाशिन ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये लिलीच्या जातीच्या फुलांवर लावला. एक नरकेंद्र अंडपेशीशी एकरूप होते व त्यापासून गर्भ, म्हणजे पुढच्या पिढीचे रोप, तयार होते. दुसरे नरकेंद्र बीजांडातील दुसऱ्या दोन केंद्रांशी मिळते व त्यापासून गर्भासाठी अन्नाचा साठा तयार होतो. बाजरीच्या व ज्वारीच्या दाण्यातील पीठ म्हणजे हाच साठा. भाकरी जी होते ती ह्या दुसऱ्या मीलनाची. तुरीत व सरकीत हा साठा बी पक्व होईपर्यंत गर्भच वापरून टाकतो आणि आपल्या दोन जाड दलांत अन्न भरून ठेवतो. तुरीचा दाणा भरडला असता ज्या दोन डाळी होतात, ती गर्भाची पहिली दोन पाने होत. दोन डाळींच्या मधला बारीक कोंब निघून गेला की ते बी उगवत नाही, ह्याचे कारण एवढेच.

येथपर्यंतची घडामोड सर्व पिकांत सारखीच आहे. फरक आहे तो पराग कोणाचे आले, ह्यात.

तुरीचे फूल

तुरीच्या फुलात नर व मादी अंगे दोन्ही असतात, व ती दोन पाकळ्यांच्या नावेसारख्या पुडीत बंद असतात. फूल उमलण्याच्या आदल्या दिवशीच, कळीतच, परागकोश फुटतात व स्वतःचेच पराग स्वतःच्या कुक्षीवर पडतात. ह्यास स्वपरागीकरण म्हणतात. परंतु तुरीचे पिवळेधमक फूल उमलल्यावर त्यावर मधमाश्या व इतर रानमाश्या येतात. पुडीवर बसताच त्यांच्या भाराने अंगे बाहेर येतात आणि दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लागतात. अशा रीतीने तुरीत सरासरी २० टक्क्यांच्या आसपास परपरागीकरण होते असे आढळले आहे. माश्यांची संख्या व हवामान ह्यांप्रमाणे हा आकडा बराच खालीवर होतो.

ह्याचा अर्थ असा की बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेले बीडीएन-७११ किंवा बीएसएमआर-७३६ ह्यांसारखे सरळ वाण घरी राखता येतात. परंतु बांधापलीकडे दुसरा वाण असेल तर दर वर्षी थोडी थोडी भेसळ शिरते. पहिल्या वर्षी ती दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेतात काही झाडे पंधरा दिवस उशिरा फुलतात, काहींचा दाणा लाल व काहींचा पांढरा निघतो, आणि मर व वांझ रोगांस तोंड देण्याची वाणाची शक्ती कमी होत जाते. मग शेतकरी म्हणतो, वाण उतरला. वाण उतरत नाही. माश्या त्यात दुसरा वाण मिसळतात.

हे दाखवण्यास एक सोपे प्रात्यक्षिक आहे. फुलोरा येण्यापूर्वी तुरीच्या एका फांदीस मलमलीची पिशवी बांधावी. पिशवीत माशी शिरत नाही. तरी शेंगा धरतात, व त्यांतील बी शुद्ध स्वपरागित असते. निवडक दहा-वीस झाडांवर असे केल्यास पुढील वर्षाच्या बीजप्लॉटापुरते चोख बी घरच्या घरी मिळते.

तूर फुलोऱ्यात असताना औषध मारू नये, असे सांगणे सोपे आहे. परंतु शेंगा पोखरणारी अळी नेमकी त्याच वेळी येते. तेव्हा केवळ मनाई करून भागत नाही. कळ्या लागताच ५ टक्के निंबोळी अर्काने आरंभ करावा. रासायनिक औषध मारण्याची वेळ आलीच तर ते माश्या परतल्यावर, सायंकाळी मारावे.

बाजरीचे कणीस

बाजरीचा प्रकार तुरीच्या उलट आहे. बाजरीच्या कणसावर प्रथम कुक्षींचे पिसांसारखे पांढरे तुरे बाहेर येतात, व परागकोश त्यानंतर दोन-तीन दिवसांनी लोंबू लागतात. आपले पराग तयार होण्यापूर्वीच कुक्षी पराग घेण्यास तयार झालेल्या असल्यामुळे वारा शेजारच्या कणसांचे, शेजारच्या शेताचेही पराग आणून टाकतो. म्हणून बाजरी हे मुख्यतः परपरागित पीक आहे, आणि तिचा वाण शुद्ध राखणे हे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. त्यास शेजाऱ्याची साथ लागते.

कुक्षी उघड्या असण्याचा हा काळ बाजरीस धोक्याचाही असतो. अरगट रोगाची बुरशी ताज्या, पराग न लागलेल्या कुक्षीवाटे आत शिरते. पराग लागला की कुक्षी आवळते, वाळते व बुरशीची वाट बंद होते. फुलोऱ्यात झड लागली की पराग धुऊन जातात, कुक्षी उघड्या राहतात, आणि कणसांवर मधासारखा चिकट द्रव व नंतर काळ्या गाठी दिसतात. त्या गाठी विषारी आहेत. पेरणीपूर्वी बी २० टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून, बुडवण्याची शिफारस ह्यासाठीच आहे : गाठी व हलके दाणे वर तरंगतात, ते काढून जाळावे, आणि तळाचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

बाजरीचे संकरित वाण भारतात १९६५ पासून आले. लुधियानाचे डॉ. दि. सिं. अठवाल ह्यांनी एचबी-१ हा पहिला वाण तयार केला. त्यासाठी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातून आणलेला, ज्याच्या परागकोशांत सफल पराग नसतात असा टिफ्ट २३ए हा मादी वाण वापरण्यात आला. मादी ओळींस स्वतःचे पराग नसल्याने शेजारच्या नर ओळींचेच पराग लागतात आणि सर्व बी आपोआप संकरित होते. उत्पादन भराभर वाढले. परंतु १९७० च्या दशकाच्या आरंभी ह्याच वाणांवर गोसावी रोगाचा मोठा उद्रेक झाला. गोसावी रोगात कणसातील फुलांचीच पाने होतात, कणीस जटांसारखे दिसते व दाणा भरत नाही. विस्तीर्ण क्षेत्रावर एकाच मादीची संतती उभी असली की एका रोगास सारे क्षेत्र एकदम बळी पडू शकते, हा धडा त्या वेळी पैदासकारांनी घेतला व पुढे रोगप्रतिकारक जनकांवर भर देण्यात आला.

संकरित नसलेला, शेतकऱ्यास राखता येणारा बाजरीचा सुधारित वाणही उपलब्ध आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या गावरान बाजरीतून निवड करून आयसीटीपी-८२०३ हा टपोऱ्या दाण्याचा वाण तयार झाला, आणि त्यातून लोह अधिक असणारी धनशक्ती ही बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाली. हिचे बी राखताना मात्र दोन-चार उत्तम कणसे निवडून थांबणे चुकीचे ठरते. परपरागित पिकात थोड्याच कणसांचे बी घेतल्यास पुढे नात्यातल्या नात्यात संयोग होऊन झाडे खुजी व कणसे आखूड होतात. प्लॉटाच्या मधल्या भागातून, रोगट व वेगळ्या दिसणाऱ्या झाडांना फुलोऱ्यापूर्वीच उपटून, काही शे चांगली कणसे घ्यावी व त्यांचे बी एकत्र करावे.

संकरित सरकी का ठेवू नये

कापसात मादीचे परागकोश निकामी करण्याचे काम बहुधा माणसाच्या हातांनी होते. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी निवडून अंगठ्याच्या नखाने पुंकेसरांसह पाकळ्यांचे आवरण सोलून काढतात व तेथे रंगीत कागदाची टोपी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल आणून त्याचे पराग कुक्षीस लावतात. अशा रीतीने एकेक बोंड हाताने घडवून संकरित बी तयार करणे परवडेल काय, ही शंका पुष्कळांस होती. सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. चं. ठा. पटेल ह्यांनी १९७० मध्ये एच-४ हा वाण देऊन ती फेडली. व्यापारी प्रमाणावर लावला गेलेला तो जगातील पहिला संकरित कापूस होय. नांदेडच्या केंद्राचा एनएचएच-४४ हा त्याच वाटेने पुढे आलेला मराठवाड्याचा वाण. ह्या कामास लहान मुलांची बोटे बरी, अशी एक समजूत बीजोत्पादनाच्या गावांत आढळते. ती सोडून द्यावी. चौदा वर्षांखालील मुलांस कामास लावण्यास कायद्याने मनाई आहे, आणि प्रौढ मजुरांचे नखही तितकेच चांगले चालते.

पिशवीतील संकरित सरकी ही दोन वेगळ्या जनकांची पहिली पिढी असते. दोन्हीकडचे गुण प्रत्येक झाडात सारख्याच प्रमाणात आलेले असल्याने शेत एकसारखे दिसते व झाडांस जोम असतो. ह्या झाडांच्या बोंडांतील सरकी मात्र दुसरी पिढी होय. ग्रेगोर मेंडेल ह्यांनी वाटाण्यावर केलेले व १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग असे सांगतात की दुसऱ्या पिढीत एकत्र आलेले गुण पुन्हा सुटे होतात. कोणी आजीवर जातो, कोणी आजोबांवर. म्हणून घरची सरकी लावलेल्या शेतात एक झाड उंच, एक बसके, एक लवकर, एक उशिरा, धागा कोठे लांब तर कोठे आखूड, असे दिसते. बीटी कापसात बोंडअळीस रोखणारे जनुक एकाच जनकाकडून आले असल्यास दुसऱ्या पिढीत चार झाडांमागे सरासरी एक झाड त्या जनुकाविना निघते. सरकी वाचवण्यात जे पैसे वाचतात, त्यापेक्षा अधिक पैसे वेचणीत जातात.

सरळ कापसाच्या वाणास हे लागू नाही. कापूस बव्हंशी स्वपरागित आहे. त्याचा पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाही, फक्त माश्यांनी थोडाफार नेला जातो. सरळ वाण लावणाऱ्यास आपली सरकी राखता येते.

भोपळा, सीताफळ व मोसंबी

काही झाडांत पराग बाहेरून आल्याशिवाय फळच धरत नाही. भोपळा, कारली, दोडका ह्यांच्या वेलांवर नर व मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते. सायंकाळी मादी कळीस कागदी पिशवी बांधून दोन दिवस ठेवली की ते फळ पिवळे पडून गळते. तुरीची मलमलीची पिशवी व भोपळ्याची कागदी पिशवी शाळेतील मुलांस शेजारी-शेजारी दाखवावी.

बीड जिल्ह्याच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाटच्या डोंगरउतारावर आपोआप वाढणाऱ्या ह्या झाडावर फुले लदलेली असतात, पण फळे थोडी. कारण, कळी उमलू लागते तेव्हा कुक्षी चिकट व तयार असते आणि पराग सुटलेले नसतात. पराग सुटतात तोवर कुक्षी वाळू लागते. फुलात शिरणारे बारीक भुंगेरे एका फुलाचे पराग दुसऱ्यात नेतात, तेवढेच फळते. सीताफळाचा प्रत्येक डोळा हे एक वेगळे स्त्रीकेसर असते. काही डोळ्यांस पराग लागला व काहींस नाही, तर फळ एका बाजूने खोल, वाकडे निपजते व बाजारात दुसऱ्या प्रतीत जाते. बाग लहान असल्यास पूर्ण उमललेल्या फुलांचे पराग डबीत झाडून घेऊन सकाळच्या वेळी अर्धोन्मीलित फुलांच्या कुक्षींवर मऊ ब्रशने लावावे. वेळ लागतो, परंतु फळे अधिक व गोल येतात.

मोसंबीच्या कलमासाठी लावल्या जाणाऱ्या रंगपूर लिंबाच्या बियांत एक गंमत आहे. एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे उगवतात. त्यांपैकी एकच पराग-संयोगाचे असते. बाकीची बीजांडाच्या मातृपेशींतून निघालेली, थेट आईची प्रतिकृती असतात. म्हणून रोपवाटिकेत सारखी दिसणारी रोपे ठेवावी व फार जोरदार किंवा फार खुरटे, वेगळ्या पानांचे रोप काढून टाकावे. रोपवाटिकेतून रोपे घेणाऱ्या बागायतदाराने ही विचारपूस अवश्य करावी.

घरचे बी राखताना

प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून राखावयाचे किमान अंतर पिकाच्या फुलावरूनच ठरवलेले आहे. भुईमूग व गहू ह्यांस ३ मीटर पुरतात, कारण ते जवळजवळ पूर्ण स्वपरागित आहेत. सरळ कापसास ३० मीटर, तुरीस १०० मीटर, बाजरीस २०० मीटर व कांद्याच्या बियाण्यास ५०० मीटर अंतर लागते. चकलांब्यासारख्या गावात एका शेतकऱ्याची पट्टी इतकी रुंद क्वचितच असते. अशा वेळी सलग पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून तुरीचा एकच वाण पेरावा व मधल्या शेताचे बी राखावे. कडेच्या ओळींचे उत्पन्न डाळीस किंवा बाजारास जाऊ द्यावे.

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेच्या पिशवीत भरून मात्र विकता येत नाही.

राखलेल्या तुरीच्या बियाची उगवण पेरणीच्या पंधरा दिवस आधी तपासावी. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडून, गुंडाळून, सावलीत ठेवावे व रोज पाणी शिंपडावे. सहाव्या दिवशी मोजणी करावी. ७५ किंवा अधिक उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे. ६० ते ७५ च्या दरम्यान असल्यास त्या मानाने बी वाढवावे. त्याहून कमी असल्यास ते बी डाळीस द्यावे व सरळ वाणाचे प्रमाणित बी आणावे.